पक्षाघात : मूलपेशी उपचार
मेंदूचा रक्तपुरवठा तुटून मेलेल्या चेतापेशी सहसा पुन्हा तयार होत नाहीत; उतारवयात उरलेल्या पेशींची नवी जोडणीही मंदावते. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील मूलपेशी शिरेवाटे दिल्यास दाह कमी होऊन दुरुस्तीला चालना मिळेल, ही या उपचारामागची कल्पना. १२० रुग्णांवरील बहुकेंद्री भारतीय चाचणीत (२०१४) पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयही सहभागी होते. उपचार सुरक्षित ठरला, पण गुण आला नाही. आशेने पैसे जमवणाऱ्या नातेवाइकांना हे स्पष्ट सांगायलाच हवे. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पक्षाघातासाठी हा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाही. आजचा खरा आधार नियमित फिजिओथेरपी. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मात्र लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.