झाकणाखालची वीज : जमिनीतल्या सॉकेटचा छोटा इतिहास



तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक सॉकेटच्या झाकणावर बोलणार, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून काहींना गंमत वाटली असेल. पण आमच्या विषयाचा एक जुना प्रश्न आहे : एखादी वस्तू 'चांगली' आहे असं आपण केव्हा म्हणतो? ती आपलं काम करते तेव्हा, की ती कुणाला इजा करत नाही तेव्हा? आणि या दोन गोष्टींचं भांडण लागलं तर? जमिनीतल्या विजेच्या सॉकेटवरचं झाकण ही या भांडणाची जागा आहे. वस्तू लहान आहे, पण तिच्या चुकीची किंमत रांगणारं मूल देतं किंवा फरशी पुसणारी बाई देते. म्हणून हा विषय.

सुरुवात भिंतीपासून करू. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू झालं तेव्हा घरात वीज आली ती दिव्यासाठी. बाकी कशासाठी ती लागेल असं फारसं कुणाच्या डोक्यात नव्हतं. त्यामुळे 'सॉकेट' म्हणजे दिव्याचं होल्डर, एवढाच अर्थ. पुढे पंखे आले, इस्त्र्या आल्या, तेव्हा लोक काय करायचे? बल्ब काढायचे आणि त्या होल्डरमध्ये उपकरणाची वायर फिरवून बसवायचे. आपल्याकडेही कित्येक घरांत बल्बच्या होल्डरला लावायचं ते पिनवालं अडॅप्टर परवापरवापर्यंत होतं. इस्त्री दिव्याला लोंबकळलेली असायची. आठवतंय ना?

१९०४ मध्ये अमेरिकेत हार्वे हबेल यांनी वेगळा करता येणाऱ्या प्लगचं पेटंट घेतलं. एक भाग होल्डरमध्ये कायम बसलेला, दुसरा हातानं सहज काढता-घालता येणारा. याच्यामागे एक कथा सांगतात. एका करमणुकीच्या दुकानात झाडूवाला यंत्रं हलवून झाडण्यासाठी प्रत्येक वायर एकेक करून सोडवत होता, ते हबेल यांनी पाहिलं म्हणे. कथा खरी की रचलेली, यात मी पडत नाही. पण ती झाडूवाल्याची आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. सॉकेटच्या इतिहासात जमीन साफ करणारा माणूस पहिल्यापासून उभा आहे. फक्त त्याच्याकडे बघायला वेळ लागला.

आता सॉकेट जमिनीत का उतरलं? कारण साधं आहे. खोली मोठी असते, टेबल मध्यभागी असतं आणि वीज भिंतीत असते. भिंतीपासून टेबलापर्यंत वायर ओढली की कुणीतरी अडखळणार. सतरंजीखालून नेली तर तुडवून तुडवून तिचं वेष्टण झिजणार, आत ती तापणार आणि आपल्याला दिसणारही नाही. जमिनीतल्या सॉकेटला पर्याय म्हणून लोक जे करतात, ते बहुधा त्याच्याहून धोक्याचं असतं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

दुसरं कारण वास्तुकलेचं. भिंती काचेच्या झाल्या. काचेत सॉकेट बसवणार कुठे? अमेरिकेच्या वायरिंगच्या नियमावलीत घरासाठी एक हिशोब आहे. भिंतीलगतची कुठलीही जागा सॉकेटपासून ६ फुटांपेक्षा लांब नसावी, म्हणजे दिव्याची वायर पुरते आणि एक्स्टेंशन लागत नाही. काचेची स्थिर तावदानंही या हिशोबात भिंतच धरली जातात. मग त्या काचेपुढे जमिनीत सॉकेट द्यावं लागतं, आणि ते भिंतीपासून १८ इंचांच्या आत असेल तरच मोजलं जातं.

तिसरं कारण ऑफिसचं. विसाव्या शतकात मोठमोठे अखंड मजले आले, मध्ये भिंतच नाही. काँक्रीटमध्ये पोलादी नळ्या टाकून वीज आणि टेलिफोनच्या तारा टेबलापर्यंत नेल्या गेल्या. जिथे तार बाहेर यायची तिथे जमिनीवर एक छोटा धातूचा ठोकळा उभा राहायचा, त्याच्या अंगावर सॉकेट. अमेरिकन वायरमन मंडळी त्याला 'टूमस्टोन' म्हणतात, म्हणजे थडग्यावरचा दगड! विनोद काळा आहे, पण नेमका आहे. पाणी आत जात नाही, कारण सॉकेट जमिनीच्या वर आहे. पण टेबल हलवलं की तो दगड मोकळ्या जागेत एकटाच उरतो आणि लोक त्याला ठेचकाळतात.

मग उपाय काय? सॉकेट जमिनीच्या पातळीला आणा आणि वर झाकण लावा. इथून आपला खरा विषय सुरू होतो.

जुनं झाकण म्हणजे पितळेची आटे असलेली चकती. नाणं किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवायची, काढायची, प्लग लावायचा. बंद असताना नामी वस्तू. मजबूत, घट्ट, पायाला न लागणारी. पण काढलेली चकती ठेवायची कुठे? खिशात, टेबलावर, खिडकीत. आठवड्याभरात ती हरवते आणि मग ते सॉकेट कायमचं उघडं. त्यावर तोड म्हणून बिजागरीचं झाकण आलं. ते हरवत नाही, पण प्लग लावला की उभंच राहतं. म्हणजे अडखळायची सोय आपण परत करून दिली. कुणाच्या पायानं ते मोडतं, आणि पुन्हा सॉकेट उघडं.

यात काय चुकत होतं बघा. झाकण 'बंद' या अवस्थेसाठी घडवलं होतं. पण सॉकेट काही बंद राहण्यासाठी नसतं. त्याच्या तीन अवस्था आहेत : बंद असताना, वापरात असताना, आणि उघडझाप होताना. पहिल्या अवस्थेत सुरक्षित असणं अगदी सोपं आहे. सिमेंटनं बुजवून टाका, झालं! कस लागतो तो उरलेल्या दोन अवस्थांत.

म्हणून पुढे खोल बॉक्स आले. सॉकेट तळाशी किंवा आतल्या बाजूच्या भिंतीवर. प्लग आत लावायचा, झाकण परत खाली टाकायचं, आणि वायर झाकणाच्या कडेच्या छोट्या खाचेतून बाहेर. खाचेला स्वतःची एक फडकी किंवा ब्रश, म्हणजे कचरा कमी जातो. झाकणावर तोच गालिचा किंवा तीच फरशी बसवता येते. आता वापरातही झाकण बंद राहतं. पण मोठा चौकोनी चार्जर त्या खोलीत मावला नाही, तर लोक झाकण उघडंच टाकतात. त्यामुळे खोली किती द्यायची, हा प्रश्न दिसतो सोयीचा, पण असतो सुरक्षिततेचा.

आमच्या शास्त्रात 'देहलीदीपन्याय' म्हणतात. उंबरठ्यावर दिवा ठेवला की आतही उजेड, बाहेरही. एकच वस्तू दोन्हीकडे काम करते. झाकणाचं तेच आहे. ते माणसाला विजेपासून राखतं, आणि विजेला पाण्यापासून, धुळीपासून राखतं. आपण उपकरणांवर 'आयपी ४४' असं काहीतरी वाचतो ना, त्यातले दोन आकडे हेच सांगतात. पहिला, बोट, तार, धूळ आत जाते का. दुसरा, पाणी जातं का. अमेरिकेत जमिनीतल्या बॉक्सच्या झाकणासाठी 'स्क्रब वॉटर' नावाची चाचणी आहे, म्हणजे फरशी ओली घासली तर पाणी आत शिरतं का ते बघायचं. युरोपच्या मानकांत जमीन कोरडी झाडली जाणार की ओली पुसली जाणार, असा भेद केलेला आहे. तो झाडूवाला आता नियमाच्या पुस्तकात आला म्हणायचा!

आता मुलांकडे वळू, आणि त्यासाठी ब्रिटनमध्ये जाऊ. दुसरं महायुद्ध चालू असतानाच तिथे युद्धानंतरच्या घरबांधणीचा विचार सुरू झाला. १९४२ मध्ये विजेच्या जोडणीसंबंधी २० जणांची समिती बसली. त्यात स्त्री एकच : कॅरोलिन हॅसलेट. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या 'इलेक्ट्रिकल असोसिएशन फॉर विमेन'च्या त्या पहिल्या संचालक. घरात वीज रोज वापरणाऱ्या बायकांचे प्रश्न त्यांना आतून माहीत होते. समितीचा अहवाल १९४४ ला आला. त्यात लहान मुलांसाठी सॉकेटच्या भोकांवर आतून पडदा, म्हणजे शटर, असावं हा आग्रह होता. त्यातून १९४७ चं बीएस १३६३ हे मानक आलं. त्या प्लगची अर्थिंगची पिन लांब असते. ती आधी आत जाते, शटर सरकवते, आणि मगच बाकीच्या दोन पिनांना वाट मिळते.

यातलं मर्म बघा. हे असं झाकण आहे की जे उघडायला वेगळं काही करावंच लागत नाही. प्लग लावणं हेच उघडणं, प्लग काढणं हेच बंद करणं. शिस्त लागत नाही, आठवण लागत नाही. सोय आणि सुरक्षितता यांचं भांडण इथे मिटलं आहे.

आपल्याकडे काय झालं? बीएस १३६३ आलं त्याच वर्षी आपण स्वतंत्र झालो, पण प्लग राहिले आधीच्या ब्रिटिश मानकाचे, १९३४ च्या बीएस ५४६ चे. तीन गोल पिना, पाच आणि पंधरा अँपिअर. आता भारतीय मानकात त्यांना सहा आणि सोळा म्हणतात. पुढे या सॉकेटनाही शटर आले, पण जुन्या इमारतींत बिनशटरची सॉकेट आजही भिंतीत आहेत. भिंतीत निदान ती थोडी वर तरी असतात. जमिनीतलं सॉकेट रांगणाऱ्या मुलाच्या बरोबर हाताखाली येतं, आणि आपली पद्धत अनवाणी वावरायची, जमिनीवर बसायची, रोज ओल्या फडक्यानं फरशी पुसायची. ज्या देशात गालिचा आणि बूट आहेत तिथलं झाकण आपल्याकडे जसंच्या तसं पुरेल का, हा विचार बसवणाऱ्यानं करायला हवा.

एक उलटी गोष्टही सांगतो. ब्रिटनमध्ये आयांनी काळजीपोटी प्लास्टिकची बुचं आणून सॉकेटमध्ये खोचायला सुरुवात केली. आत शटर असताना! मग लक्षात आलं की बुचांची मापं नीट नसतात, त्यानं आतले संपर्क बिघडू शकतात. आणि एखादं बूच मुलानं उपसून उलटं खोचलं तर अर्थिंगच्या भोकात शिरून शटर उघडतं, नि जिवंत भाग उघडे पडतात. २०१६ मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्यानं दवाखाने आणि देखभाल केंद्रांना ही बुचं वापरू नका असा इशारा दिला. म्हणजे सुरक्षिततेसाठी लावलेलं झाकणच धोका झालं. हेतू चांगला असणं पुरेसं नाही, हे नीतिशास्त्रात आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. इथे ते दीड इंचाच्या प्लास्टिकनं शिकवलं.

आणखी एक झाकण आहे, न दिसणारं. कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स डॅलझील यांनी स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग करून मोजलं की किती विद्युतप्रवाहाला माणसाची मूठ आवळते आणि तार सुटेनाशी होते. पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअर, स्त्रियांत साडेदहा. आपलं साधं सॉकेट पाच अँपिअरचं, म्हणजे पाच हजार मिलिअँपिअर! फ्यूज माणसाला वाचवत नाही तो यामुळे. तो तारेला वाचवतो. १९६१ मध्ये डॅलझील यांनी असं उपकरण केलं की जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत अगदी पाच मिलिअँपिअरचा फरक पडला तरी वीज तोडतं. आपल्याकडे याच तत्त्वावरचं आरसीसीबी मिळतं, माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचं. झाकण फुटलं, पाणी शिरलं, तरी शेवटचा पहारेकरी हा. पण ते आहे म्हणून झाकण कसंही चालेल असं नाही. दाराला कडी आहे म्हणून आपण भिंत पाडत नाही.

तर या इतिहासातून काय घ्यायचं? अपघात झाला की आपण म्हणतो, "झाकण लावायला नको का त्यांनी!" दोष वापरणाऱ्याचा. पण जे झाकण हजार माणसं उघडं टाकतात, त्यात दोष हजार माणसांचा नसतो, झाकणाचा असतो. गैरसोयीचं झाकण कागदावर सुरक्षित असतं, खोलीत नसतं. आणि ते निवडणारा बहुधा ते पुसत नाही, त्याच्याजवळ रांगत नाही. हॅसलेट त्या समितीत होत्या म्हणून मुलांचा प्रश्न तिथे ठामपणे मांडला गेला. निर्णयाच्या टेबलाशी कोण बसलंय, यावर टेबलाखालच्या सॉकेटचं रूप ठरतं.

म्हणून घरात, शाळेत, सभागृहात जमिनीत सॉकेट बसवणार असाल तर नमुना हातात घ्या. प्लग लावून झाकण बंद होतं का, ते बघा. एका हातानं उघडतं का, चढलेली धूळ काढता येते का, आत शटर आहे का, त्या लाइनला आरसीसीबी आहे का, हे विचारा. आणि रोज फरशी पुसणाऱ्या माणसाला एकदा ते दाखवा. त्या काय म्हणतात ते ऐका. सर्वांत उपयोगाचा अभिप्राय बहुतेक तिथूनच मिळेल.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.