मोजलेले शब्द : परदेशस्थ विद्यार्थी व घर यांमधील संदेशव्यवहार

मुंबई बंदराच्या आग्नेय अंगास, उरणजवळच्या करंजा गावावर द्रोणागिरीचा डोंगर उभा आहे. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या रचनेत उरण हा पनवेल तालुक्याचाच एक पोटविभाग होता. विलायतेची डाक घेऊन येणारी आगबोट बंदराच्या तोंडाशी आली म्हणजे हा डोंगर तिच्या उजव्या हातास पडे. आज डोंगराच्या परिसरात सिडकोने वसविलेले द्रोणागिरी हे उपनगर आहे. तेथील एखाद्या आईस परदेशी शिकणाऱ्या मुलाशी बोलावयाचे झाल्यास आगबोटीची वाट पाहावी लागत नाही, आणि मिनिटांचा हिशेबही ठेवावा लागत नाही. या दोन स्थितींच्या मधल्या काळात घरच्या बोलण्याचे काय झाले, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय. संदेश स्वस्त होत गेला एवढे सांगून हा इतिहास पुरा होत नाही. आकार कशावर घेतला जाई, वजनावर, शब्दावर, कागदाच्या तुकड्यावर की मिनिटावर, यावरून काय बोलावे आणि काय गाळावे हे ठरत गेले, असे आमचे मत आहे.

आरंभ आनंदीबाई जोशी यांच्यापासून करणे योग्य ठरेल. गोपाळराव जोशी हे डाकखात्यात कारकून होते. कल्याणनंतर त्यांची बदली अलिबागेस, म्हणजे याच जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यी, झाली होती. पुढे ते बंगालमध्ये श्रीरामपुरास असताना एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून पतीवाचून निघाल्या व फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या. हिंदुस्थान १८७६ पासून आंतरराष्ट्रीय टपालसंघात सामील असल्यामुळे पत्र धाडणे सामान्य कारकुनाच्या आवाक्यात आले होते. तथापि दर स्वस्त झाला तरी वेळ स्वस्त झाला नव्हता. पत्र पोहोचून त्याचे उत्तर हाती पडावयास दोन महिन्यांच्या आसपास लागत. गोपाळरावांची पत्रे पुष्कळदा कठोर असत. पोशाखात केलेल्या बदलासारख्या गोष्टींवरून त्यांनी पत्नीस बोल लावले, आणि तिने त्यांना शांतपणे, परंतु मिंधेपणा न पत्करता उत्तरे लिहिली. समोरासमोर घटकाभरात मिटला असता असा रुसवा या अंतरामुळे एका पावसाळ्यातून दुसऱ्या ऋतूत जाई. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रात हा पत्रव्यवहार आला आहे. तो वाचताना पत्राच्या विस्ताराचे कारण ध्यानात येते. उलटप्रश्न विचारावयास समोर कोणी नसल्याने शंका, तिचे समाधान आणि त्या समाधानावरचा संभाव्य आक्षेप, हे सारे एकाच बैठकीत लिहून टाकावे लागे. पत्रात संवादाची दोन्ही अंगे एकट्यानेच सांभाळावयाची असत.

२५ डिसेंबर १८९८ पासून ब्रिटिश साम्राज्यांतर्गत पत्रांस अर्ध्या औंसास एक पेनी, हिंदुस्थानातून एक आणा, असा दर सुरू झाला. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे त्या वेळी केंब्रिजमध्ये शिकत होते. आकार वजनावर असल्यामुळे काटकसर करावयाची ती कागदाची. कागद पातळ घ्यावा, दोन्ही बाजूंनी लिहावे, अक्षर बारीक काढावे. मायन्याला मात्र काही वजन नव्हते. ‘तीर्थरूप’, ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवीत जावे’ ही सारी मांडणी म्हणूनच समुद्रापार शाबूत गेली.

तारेचे तसे नव्हते. १८७० मध्ये पोर्थकर्नो ते मुंबई ही समुद्री तार जोडली गेली आणि महिन्याचे अंतर काही तासांवर आले. परंतु येथे आकार शब्दावर होता. पत्ता व सही हेही शब्दच मोजले जात. मायना प्रथम गळाला, मग क्रियापदे गळाली. मराठीस आणखी एक अडचण होती. मजकूर रोमन लिपीत द्यावा लागे, आणि आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे साध्या भाषेतील पंधरा अक्षरांहून लांब शब्दाचा आकार दोन शब्दांचा होई. आमच्या भाषेत प्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दास चिकटतात. ‘पोहोचल्याबरोबर’ हा आमचा एक शब्द रोमन अक्षरांत सतराचा भरतो, म्हणजे तारखात्याच्या व्याकरणाने तो दोन झाला! साहजिकच इंग्रजी जाणणाऱ्या घरांनी तार इंग्रजीत केली. ज्या घरी इंग्रजी जाणणारा कोणी नसे, तेथे ती वाचून घेण्यासाठी शेजाऱ्याकडे जावे लागे. एवढा खर्च मोठ्या वार्तेसाठीच व्हावयाचा, आणि मोठी वार्ता बहुधा वाईटच असावयाची. ‘तार आली’ हे शब्द मराठी घरात धसका देणारे ठरले ते यामुळे. मुलगा सुखरूप पोहोचल्याची तारही फोडण्यापूर्वी रडवीत असे.

महायुद्धोत्तर काळातील हवाई पत्र हा विद्यार्थ्यांचा खरा आधार. एकच घडीचा कागद, आत काहीही घालावयाचे नाही, दर ठराविक. येथे माप क्षेत्रफळाचे झाले. मजकूर संपत आला की अक्षर आकसू लागे, आणि शेवटी आईच्या दोन ओळी समासात आडव्या येत. ‘सा. न. वि. वि.’ हा संक्षेप या कागदाने जन्मास घातला असे मात्र कोणी समजू नये. तो जुन्या पत्रव्यवहारातलाच आहे. येथे त्याचा उपयोग झाला एवढेच.

आवाजाचा प्रवास निराळ्या वाटेने झाला. १९२७ मध्ये खडकीचे प्रक्षेपणकेंद्र व दौंडचे ग्रहणकेंद्र यांच्या द्वारे इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली, आणि १९३३ मध्ये त्याच मार्गाने दूरध्वनी जोडला गेला. सामान्य विद्यार्थ्यास तो असून नसल्यासारखा होता. कमीत कमी तीन मिनिटांचा आकार, आधी नोंदणी, मग ताटकळणे. पुढे १९७१ मध्ये नारायणगावाजवळ आर्वी येथे उपग्रह-भूकेंद्र उभे राहिले. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने शब्दास जाऊन उतरावयास पाव सेकंद लागे, आणि प्रतिसाद परतेपर्यंत अर्धा. मराठी श्रोता ‘हं’, ‘बरं’, ‘मग’ असे हुंकार देत ऐकतो. हे हुंकार उशिरा पोहोचून पुढच्या वाक्यावर आदळत, दोघेही थांबत, आणि दोघेही पुन्हा एकदम बोलू लागत. महागड्या मिनिटाचा एक हिस्सा असा केवळ ‘तू बोल’, ‘नाही, तू बोल’ यांतच जाई.

१९७६ मध्ये मुंबई-लंडन थेट जोडणी आली. त्यानंतरच्या दशकांत पिवळ्या पाट्यांची दूरध्वनी-केंद्रे गल्लोगल्ली झाली. केंद्रातील यंत्रावर लाल आकडे पळत, आणि बोलणाऱ्याची नजर त्यांवरून हलत नसे. मिनिटाच्या मापाने क्षेमकुशलाचे रूपांतर प्रश्नोत्तरीत केले. ‘जेवलास का? तब्येत? पैसे पुरतात ना?’ उत्तरेही ठरलेली, कारण दुखणे सांगावयास तीन मिनिटे पुरत नाहीत. पत्रात दुखणे लिहिता येई. दूरध्वनीवर ते लपविणे सोपे झाले. हा तोटा आमच्या मते फारसा कोणी मोजला नाही. काही घरांनी ध्वनिफिती भरून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती पाठविल्या, त्या या उणिवेपोटीच. मिस्ड कॉलची युक्तीही याच काळातील. एकदा वाजवून ठेवला म्हणजे पोहोचलो; उत्तर द्यावयाचे नाही. शून्य शब्दांचा, शून्य पैशांचा हा निरोप तारेच्या तर्कशास्त्राचा अखेरचा टप्पा म्हणावा लागेल.

परदेशातील विद्यार्थी तिकडे आगाऊ पैसे भरलेली दूरध्वनीपत्रे विकत घेत. १ एप्रिल २००२ पासून भारतात इंटरनेटद्वारे दूरध्वनीस अनुज्ञा मिळाली. २००३ मध्ये स्काइप आले (ते मे २०२५ मध्ये बंदही झाले), आणि २०१५-१६ मध्ये व्हॉट्सॲपवर आवाज व चित्र दोन्ही आली. तारसेवा भारतात जुलै २०१३ मध्येच संपली होती.

माप संपताच बोलण्याचा घाटही सुटला. आता आई फोन ओट्यावर उभा करून भाजी निवडते, तिकडे मुलगी अभ्यास करते, आणि मधूनच कोणी काही बोलते. मायना नाही, ‘कळावे’ नाही. सांगण्याजोगे काही असलेच पाहिजे ही अटही नाही. एक रूप मात्र टिकून आहे. संभाषण संपविताना मराठी माणूस आजही ‘ठेवू का?’ असे विचारतो. या क्रियापदाचे कर्म, म्हणजे काळ्या यंत्राचा तो जड श्रवणक, केव्हाच नाहीसे झाले आहे. काचेच्या पाटीवर ठेवावयाचे असे काही उरलेले नाही. तरी पलीकडून ‘ठेव’ असे ऐकू आल्यावाचून बहुतेक घरांत फोन बंद होत नाही.