दिव्यांगत्व म्हणजे काय? कारणे, प्रमाणपत्र आणि हक्क

भैंसा : "लेकरू पायानं अधू आहे", "त्याला कमी ऐकू येतं" असं आपण सहज म्हणतो. पण कायद्याच्या भाषेत दिव्यांगत्व म्हणजे नेमकं काय, हे अनेक घरांत माहीत नसतं. त्यामुळे हक्काच्या सवलतीही हातच्या जातात.

व्याख्या : दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू आहे. शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची दीर्घकाळ टिकणारी कमतरता आणि समाजातले अडथळे, या दोन्हींमुळे ज्याला इतरांच्या बरोबरीनं वावरता येत नाही, तो दिव्यांग. म्हणजे दोष फक्त शरीरात नसतो. पायऱ्या असतील आणि उतार नसेल, तर चाकाच्या खुर्चीतला माणूस कचेरीच्या दारातच अडतो.

प्रकार : १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते, आता २१ आहेत. अंधत्व, कर्णबधिरता, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, कुष्ठरोगमुक्त व्यक्ती, ॲसिड हल्ल्यातील पीडित यांच्यासोबत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही त्यात येतात. आदिलाबाद, गडचिरोली भागातल्या आदिवासी कुटुंबांसाठी सिकलसेलची नोंद महत्त्वाची आहे.

कारणे : काही दोष जन्मजात असतात. गरोदरपणातला रुबेला, बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडणं, जवळच्या नात्यातलं लग्न, अपघात, मधुमेह, वाढतं वय ही इतर कारणे. लसीकरणानं काय साधतं ते पोलिओनं दाखवलं : २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ग्रहण, करणी किंवा मागच्या जन्मीचं पाप यांचा याच्याशी संबंध नाही. देवऋषाकडं घालवलेले महिने उपचाराला महागात पडतात.

प्रमाणपत्र : बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. 'यूडीआयडी' कार्ड देशभर चालतं. ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ८० पर्यंत पिवळं आणि त्यापुढं निळं कार्ड मिळतं. मात्र पेन्शन ही ज्या-त्या राज्याची योजना आहे. तेलंगणात वेगळी योजना, महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजना. भैंशाची मुलगी लग्न होऊन भोकर किंवा धर्माबादला गेली, तर तिचं कार्ड तिथंही चालतं, पेन्शनसाठी मात्र रहिवासाचा पुरावा घेऊन नव्या ठिकाणी अर्ज करावा लागतो.

हक्क : ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षण, सरकारी नोकरीत ४ टक्के आणि सरकारी उच्च शिक्षणात ५ टक्के आरक्षण. चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणाऱ्याला कलम ९२ नुसार ६ महिने ते ५ वर्षे कैद होऊ शकते.

समाजाचं काम : "लंगड्या", "मुका", "येडा" अशा हाका थांबवा, माणसाला नावानं बोलवा. लग्नकार्यात, जत्रेत, ग्रामसभेत त्याला मागं ठेवू नका. मूल दोन वर्षांचं होऊनही बोलत नसेल, चालत नसेल, तर "होईल हळूहळू" म्हणून थांबू नका. आशा ताईंना सांगा आणि सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या.