मुष्टियोद्धा मुरलीकांत पेटकर : एका लष्करी क्रीडाजीवनाचा उत्कर्ष आणि आघात

मुरलीकांत पेटकर हे नाव आज घेतले जाते ते जलतरणपटू म्हणून. 1972 साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या पॅरालिम्पिक स्पर्धेत त्यांनी 50 मीटर मुक्तशैली जलतरणाचे अंतर 37.33 सेकंदांत पार केले आणि जागतिक विक्रमासह भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. 2024 साली प्रदर्शित झालेल्या ‘चंदू चॅम्पियन’ या हिंदी चित्रपटामुळे ही घटना आपल्या विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचली. तथापि पेटकर हे मूळचे मुष्टियोद्धा. त्यांच्या जीवनाचा हा पहिला भाग प्रस्तावनेपुरता सांगून पुढे जाण्याची प्रथा पडली आहे. प्रस्तुत लेखात त्याच भागाकडे लक्ष वेधावयाचे आहे.

पेटकर सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. हा परिसर तालमींचा. कोल्हापूर संस्थानच्या राजाश्रयाने कुस्तीला जी प्रतिष्ठा मिळाली, तिचा प्रभाव वारणा-कृष्णेच्या खोऱ्यात दूरवर होता. खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले ते याच परंपरेच्या बळावर. मात्र त्यांच्या प्रवासखर्चासाठी लोकवर्गणी काढावी लागली होती, हेही विसरून चालणार नाही. संस्थाने विलीन झाली होती आणि शासनाची क्रीडाव्यवस्था अद्याप उभी राहिली नव्हती. या पोकळीत ग्रामीण मुलाला पोटाची आणि खेळाची एकत्र सोय लावून देणारी एकच मोठी संस्था होती, ती म्हणजे भारतीय लष्कर.

लष्कराच्या विद्युत व यांत्रिकी अभियांत्रिकी दलात (ईएमई) पेटकर दाखल झाले. तालमीतला मुलगा मुष्टियुद्धाकडे वळला, हा बदल केवळ आवडीचा नव्हता. मुष्टियुद्ध हा ब्रिटिश काळापासून पलटणींचा खेळ होता. त्यासाठी प्रशिक्षक, रिंगण, खुराक आणि स्पर्धांची साखळी लष्करात तयार होती. त्या काळच्या नियमांनुसार असा खेळाडू ‘हौशी’ गणला जाई. वस्तुतः वेतन, आहार आणि सराव या सर्वच बाबतींत खेळ हा त्याच्या नोकरीचाच भाग असे. बक्षिसाच्या रकमेसाठी लढणारा तो व्यावसायिक, ही व्याख्या येथे अपुरी पडते. विजेंदर सिंह यांनी 2015 साली उघडपणे व्यावसायिक मुष्टियुद्ध स्वीकारले तेव्हा मोठी चर्चा झाली. परंतु सैनिक-खेळाडूचा पेशा त्यापूर्वी कित्येक दशके अस्तित्वात होता. 1964 साली टोकियो येथील आंतरराष्ट्रीय सैन्यदल क्रीडास्पर्धेत पेटकर यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. हा त्यांच्या मुष्टियुद्धातील उत्कर्षबिंदू होय.

पुढच्याच वर्षी भारत-पाकिस्तान युद्ध झाले. सियालकोट आघाडीवर पेटकर यांना अनेक गोळ्या लागल्या. त्यांची संख्या कोणी सात लिहितो, कोणी नऊ. ज्याची हकिकत दीर्घकाळ कोणी नीट टिपून ठेवली नाही, त्याच्या वाट्याला असे आकडे येतात. मणक्याजवळ रुतलेल्या गोळीने कमरेखालचे शरीर निकामी झाले. ज्या नोकरीने त्यांना मुष्टियोद्धा केले, त्याच नोकरीतील कर्तव्याने ती कारकीर्द संपविली.

मुंबईच्या आयएनएस अश्विनी या नौदल रुग्णालयात उपचार घेताना पोहणे हा प्रथम व्यायाम होता, मग खेळ झाला. यामागे एक व्यापक प्रवाह आहे. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी खेळांचा उपचार म्हणून वापर केला. 1948 साली लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच त्यांनी तेथे स्पर्धा भरविल्या, आणि त्यांतून पुढे पॅरालिम्पिक साकारले. पेटकर 1968 साली तेल अवीवला टेबल टेनिस खेळले. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी अपंगांसाठी चालविलेल्या कार्याचे साहाय्य त्यांना लाभले. येथेही शासन नव्हते, हे नोंदविणे आवश्यक वाटते.

1972 च्या पॅरालिम्पिक स्पर्धा ऑलिम्पिकचे यजमान असलेल्या म्युनिकमध्ये न होता हायडेलबर्गला झाल्या, कारण म्युनिकचे क्रीडाग्राम स्पर्धेनंतर निवासस्थानांसाठी रूपांतरित व्हावयाचे होते. अपंग खेळाडूंचे स्थान त्या काळी जगभर कोठे होते, हे यावरून दिसते. पेटकर परतले आणि पुण्यात टेल्को कारखान्यात नोकरी करू लागले. राज्य शासनाने त्यांना शिवछत्रपती पुरस्कार दिला. अर्जुन पुरस्कारासाठी 1982 साली केलेली त्यांची मागणी मात्र मान्य झाली नाही. पॅरालिम्पिकमधील भारताचे दुसरे सुवर्णपदक देवेंद्र झाझरिया यांनी 2004 साली अथेन्सला मिळविले. मधली 32 वर्षे पेटकर हे एकटेच सुवर्णपदकविजेते होते, तरीही ते विस्मृतीत राहिले. 2018 साली पद्मश्री आणि 2024 च्या क्रीडा पुरस्कारांत जीवनगौरव म्हणून अर्जुन, अशी दखल अखेर घेतली गेली.

हे सन्मान जलतरणपटूचे आहेत. टोकियोच्या रिंगणात उतरलेल्या जवानाची कारकीर्द पलटणींच्या स्पर्धानोंदींत, सेवापुस्तिकांत आणि समकालीन सैनिकांच्या आठवणींत शोधावी लागेल. पलटणीत मुष्टियुद्ध खेळलेले निवृत्त जवान मराठवाड्यातील गावांतही भेटतील. त्यांच्या मुलाखती घेण्याचे काम आपल्या इतिहास विभागांना सहज हाती घेता येईल, आणि त्यांची वये पाहता ते लवकर व्हावयास हवे.