पुलाचा जीव सांध्यात असतो

प्रभादेवीचा, म्हणजे आपल्या तोंडी बसलेला एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये वाहतुकीला बंद झाला. शंभरी ओलांडलेला पूल. त्या जागी शिवडी-वरळी उन्नत मार्गाबरोबर आता दुमजली पूल येणार. तेव्हापासून परळ-दादरमध्ये दोनच विषय: ट्रॅफिक किती तुंबतंय आणि नवा पूल कधी होणार. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. मला मात्र तिसरा एक प्रश्न मांडायचा आहे. भूकंप झाला तर दुसऱ्या दिवशी आपल्या पुलांवरून अ‍ॅम्ब्युलन्स जाईल का?

हसू नका. नकाशा बघा. केईएम १९२६ पासून आणि टाटा १९४१ पासून परळला आहे. दोन्ही रेल्वेच्या पूर्वेला. वरळी, प्रभादेवी, लोअर परळची माणसं रुळांच्या पश्चिमेला. मध्ये पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वे. एल्फिन्स्टन बंद झाल्यापासून आपण दादरचा टिळक पूल आणि करी रोडच्या बाजूचे पूल यांवरच आहोत. पूल म्हणजे इथे दवाखान्याची वाट आहे.

"मुंबईत कुठला आलाय भूकंप?" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो. गंमत म्हणजे ज्या मोठ्या माणसांकडून ऐकलं, त्यांनीच ११ डिसेंबर १९६७ ची पहाट अनुभवली होती. कोयनेचा भूकंप. कोयनानगर इथून दोनशे किलोमीटरच्या आसपास, तरी मुंबई हलली. तिकडे पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. कोयना धरण उभं राहिलं, पण त्याच्या वरच्या भागात, जिथे भिंतीचा उतार बदलतो नेमक्या त्या पट्ट्यात आडव्या भेगा पडल्या आणि मग धरण मजबूत करावं लागलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी आहे: जिथे आकार बदलतो, जिथे एक भाग दुसऱ्याला भेटतो, तिथे भूकंप बोट ठेवतो.

कोयनेनंतर १९७० मध्ये देशाचा भूकंप-नकाशा नव्याने आखला गेला. त्यात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये होतं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तिथे काय झालं ते महाराष्ट्राला सांगायला नको. पुढच्या नकाशात किल्लारीचा भाग तिसऱ्या झोनमध्ये गेला. मुंबईही तिसऱ्या झोनमध्येच आहे. म्हणजे मध्यम धोका. घाबरून जाण्याइतका नाही, पण विसरून जाण्याइतकाही नाही.

आता पुलांकडे येऊ. जुने पूल दगडाचे आणि लोखंडाचे. नव्या मोठ्या पुलांपैकी बरेच तुकड्यांचे, म्हणजे प्रीकास्ट. कारण सरळ आहे. भर वाहतुकीच्या रस्त्यावर महिनोन् महिने टेकू आणि फळ्या लावून काँक्रीट ओतत बसणं मुंबईला परवडत नाही. म्हणून लांब कुठेतरी कास्टिंग यार्डमध्ये पोकळ पेट्यांसारखे तुकडे ओतायचे, ट्रेलरवरून किंवा बार्जवरून आणायचे, उचलून एकाला एक लावायचे. आधीच्या तुकड्याच्या तोंडालाच टेकवून पुढचा तुकडा ओततात, त्यामुळे दोघांची तोंडं तंतोतंत जुळतात. मध्ये इपॉक्सीचा लेप. मग आतून पोलादी केबल ओवून जॅकने ताणतात. मण्यांची माळ दोरा ओढून ताठ करावी, तसा गाळा तयार होतो.

आपल्या दारातलं उदाहरण म्हणजे वांद्रे-वरळी सी लिंक, ३० जून २००९ ला सुरू झालेला. दोन हजारांहून जास्त तुकडे, एकेक शंभर टनांच्या वरचा. पुढे शिवडीहून निघणारा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला. त्यातही तुकड्यांचं काम भरपूर, मोठ्या गाळ्यांना पोलादी डेक.

काँक्रीट यार्डात ओतलं की दर्जा चांगला राहतो. तेव्हा तुकड्यांचा पूल म्हणजे कच्चा पूल, असं कृपा करून समजू नका. ताणलेला गाळा सहसा भूकंपात मोडत नाही. प्रश्न येतो तो गाळा खांबावर बसतो तिथे. गाळा बेअरिंगवर टेकलेला असतो. जमीन हलली की खांब एकीकडे, गाळा दुसरीकडे. टेकायची जागा अपुरी असेल तर अख्खा गाळा निसटून खाली.

हे कॅलिफोर्नियात ९ फेब्रुवारी १९७१ ला दिसलं. सॅन फर्नांडोच्या भूकंपात महामार्गाच्या पुलांचे गाळे खांबावरून घसरून पडले. त्यानंतर तिथे जुन्या पुलांचे सांधे पोलादी केबलने बांधून घेण्याचं काम सुरू झालं. जपानमध्ये १७ जानेवारी १९९५ ला कोबेला उन्नत महामार्गाचा सहाशे मीटरहून लांब पट्टा आडवा झाला. तिथे दोष खांबांचा होता. जुन्या नियमांनी बांधलेले, आत सळ्या अपुऱ्या.

म्हणून आता इंजिनियर दोन गोष्टी बघतात. खांबात उभ्या सळ्यांभोवती रिंगा दाट हव्यात, म्हणजे खांब वाकेल, वरचं काँक्रीट सुटेल, पण आतला गाभा धरून राहील. आणि गाळा बसायची जागा रुंद हवी, बाजूला सरकू नये म्हणून अडवे हवेत. सी लिंकच्या समुद्रातल्या मार्गावर पन्नास मीटरचे सहा-सहा गाळे सलग जोडून तीनशे मीटरचे भाग केले आहेत. सांधेच कमी केले. शिवाय भूकंपाचा धक्का आवरणारी सिस्मिक अरेस्टर बसवल्याचं तेव्हा सांगितलं गेलं.

त्याच वेळी "७ रिश्टरचा भूकंप सोसेल" असंही छापून आलं होतं. असल्या आकड्यावर फार विसंबू नका. ढोल तोच, पण लालबागच्या नाक्यावर छातीत वाजतो आणि गिरगावात ऐकूही येत नाही. रिश्टरचा आकडा ढोलाचा. पुलाला त्याच्या जागी किती हादरा बसेल हा हिशेब वेगळा.

आपल्याकडे जाग आली ती २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपानंतर. कच्छला बाकी गुजरातशी जोडणाऱ्या सूरजबारी पुलाचं नुकसान झालं आणि मदतीची वाट ऐन वेळी अडली. माझा पहिला प्रश्न तिथूनच आलाय. पूल कोसळला नाही एवढ्याने भागत नाही, तो चालू राहिला पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसने रस्त्यावरच्या पुलांच्या भूकंपरोधक रचनेची स्वतंत्र मार्गदर्शिका काढली ती २०१८ मध्ये. आता तारखा लावून बघा. जेजे उड्डाणपूल २००२, सी लिंक २००९, लालबागचा उड्डाणपूल २०११. तिन्ही त्याच्या आधीचे. हे पूल धोकादायक आहेत असं मी म्हणत नाही. ते त्या वेळच्या नियमांनी बांधलेत. पण नियम बदलले की जुनं एकदा नव्या मापाने मोजून बघायचं असतं, एवढंच.

"ऑडिट होतं ना?" होतं. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल पडून माणसं गेली, त्याचंही ऑडिट झालेलं होतं. पणजीचा मांडवी पूल ५ जुलै १९८६ ला पडला. भूकंप नव्हता, काही नव्हतं. काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या केबल गंजल्या होत्या. पूल तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा. समुद्राच्या खाऱ्या हवेत आपणही राहतो. बाहेरून रंग लावलेला पूल आतून कसा आहे, हे खालून मान वर करून कळत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी नगरसेवक, आमदार भेटले की "पूल कधी होणार?" याच्या जोडीला तीन प्रश्न विचारा. आपल्या जुन्या उड्डाणपुलांची २०१८ च्या मार्गदर्शिकेनुसार तपासणी झाली का? बेअरिंग, सांधे आणि केबल शेवटच्या कधी तपासल्या, आणि अहवाल लोकांना बघायला मिळेल का? आणि भूकंपानंतर पश्चिमेकडून केईएमला जायला कुठला पूल चालू राहील असं गृहीत धरलंय?

माहितीच्या अधिकारात कुणी यातला एखादा अहवाल मिळवला असेल तर इथे जरूर टाका. आणि आपल्यात पुलांवर काम केलेले इंजिनियर आहेत, त्यांनी माझं काही चुकत असेल तर सांगा. बोलणं सुरू होऊ दे.