तळ्याची समिती आणि गाळ उपसणारे हात

उत्तरमेरूरचे शिलालेख (इ.स. 919 व 921) म्हणजे प्राचीन भारतीय लोकशाहीचा पुरावा, असे हिरिरीने सांगितले जाते. चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले हे गाव. मडक्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकून समित्या निवडत. त्यातली एक खास तळ्यासाठी, 'एरी-वारियम'. भातशेतीचा जीव तळ्याच्या पाण्यात, त्यामुळे या समितीच्या हाती खरी सत्ता. पण मडक्यात चिठ्ठी कोणाची पडे? सर्वसाधारणपणे पाव वेलीहून जास्त करपात्र जमीन, स्वतःचे घर आणि वेदांचे ज्ञान असलेल्याची. गावच मुळात ब्राह्मणांना दान दिलेले!

तळे मात्र वेद म्हणून साफ होत नाही. त्यात गाळ साचतो, तो कोणीतरी उपसावा लागतो. चोळ लेखांत 'वेट्टी' हा शब्द पुन्हापुन्हा येतो. अर्थ, मोबदल्याविना सक्तीचे श्रम. आपली वेठच ती. आणि राजराजाच्या तंजावर मंदिरातील लेखांत करमुक्त जागांमध्ये 'परैच्चेरी', म्हणजे परैयरांची वस्ती, गावठाणाहून वेगळी नोंदवलेली आहे. भातखाचरांत राबणाऱ्यांची ही वस्ती.

4 नोव्हेंबर 1948 रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत ग्रामगणराज्यांचे गोडवे गायला साफ नकार दिला. सभेतले अनेक सदस्य तेव्हा दुखावले होते.