न बसणारा सुटा भाग: जुन्या मोटारींच्या दुरुस्तीचा इतिहास

जुन्या मोटारीसाठी बाजारातून आणलेला सुटा भाग जागेवर नीट न बसणे ही मोटार-दुरुस्तीच्या व्यवसायातली फार जुनी अडचण आहे. नवे बॉनेट लावले की एका बाजूची फट रुंद होते आणि दुसऱ्या बाजूची बुजते. दरवाजाचे रबर जाड असले की दार लागत नाही. मडगार्डाची भोके बोल्टांसमोर येत नाहीत. दोष बहुधा मिस्त्रीच्या माथी येतो, पण त्याचे मूळ बहुतेक वेळा तो भाग कशावरून बनवला यात असते. मूळ आराखडा, साचे आणि मापे तपासण्याचे गेज यांच्या आधाराने भाग जुळतात. कारखाना बंद झाला की हा आधार विस्कटतो आणि हातात उरलेल्या नमुन्यावरून नक्कल सुरू होते.

मोटार बनू लागली त्या काळात भाग आपोआप जुळावा अशी अपेक्षाच नव्हती. प्रत्येक गाडीचे भाग फिटर कानशीने घासून एकमेकांत बसवत. एका गाडीचा भाग त्याच बनावटीच्या दुसऱ्या गाडीला लागेलच असे नसे. ही स्थिती बदलल्याचा जाहीर पुरावा 1908 मध्ये इंग्लंडमध्ये मिळाला. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण उकलण्यात आल्या. त्यांचे भाग एकत्र मिसळले आणि 89 भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले नवे भाग घेतले. कानस न वापरता, साध्या हत्यारांनी त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या राहिल्या आणि 500 मैल धावल्या. या कामगिरीबद्दल कॅडिलॅकला ड्युअर ट्रॉफी मिळाली. सुट्या भागांचा पुढचा सगळा व्यापार याच तत्त्वावर उभा राहिला: दूरच्या दुकानातून आणलेला भाग घासाघीस न करता बसला पाहिजे.

हे तत्त्व टिकवणे खर्चाचे असते. बॉनेट, दरवाजा किंवा मडगार्ड पोलादी डायमध्ये पत्रा दाबून बनते. दाब सुटला की पत्रा थोडा मागे उसळतो, म्हणून ही उसळी हिशेबात धरूनच डायला आकार द्यावा लागतो. असे डाय बनवण्याचा खर्च लाखो गाड्यांवर वाटला गेला तरच परवडतो. मॉडेल बंद झाले की डाय झिजलेल्या अवस्थेत पडून राहतात किंवा भंगारात जातात. नंतर कमी संख्येत भाग बनवणारा उत्पादक जस्ताच्या मऊ मिश्रधातूचे स्वस्त डाय वापरतो किंवा पत्रा हाताने ठोकून आकार देतो. त्याच्याकडे मूळ आराखडा नसतो; असतो तो एखाद्या जुन्या गाडीवरून काढलेला भाग. तो भाग अपघातात वाकलेला किंवा आधी दुरुस्त झालेला असला, तर ती चूक प्रत्येक नकलेत उतरते.

ओतीव भागांत चूक आणखी नेमकेपणाने वाढते. वितळलेला धातू थंड होताना आक्रसतो. बीडाचे हे आक्रसणे साधारण 1 टक्का असते, ॲल्युमिनिअमचे त्याहून थोडे अधिक. म्हणून ओतकामाचा लाकडी नमुना मुद्दाम थोडा मोठा करतात. तयार भागच वाळूत दाबून त्यावरून ओतीव काढले, तर 200 मिलिमीटर लांबीचा बीडाचा भाग सुमारे 2 मिलिमीटर आखूड निघतो. त्या नकलेवरून पुन्हा नक्कल केली की तूट दुप्पट होते. रबराच्या भागांत मापाबरोबर कठीणपणाही जुळावा लागतो. बुशाचे रबर कठीण असले तर धक्के गाडीच्या सांगाड्यात उतरतात, मऊ असले तर चाकांची दिशा ढळते. ब्रेकच्या रबरी वायसरांमध्ये असा फरक थेट जिवावर बेततो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नावरून अमेरिकेत मोठा वाद झाला. 1980 च्या दशकात तैवानमध्ये बनलेली बॉनेटे, मडगार्डे आणि बंपर तिथे मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. ते मूळ कंपनीच्या भागांपेक्षा स्वस्त असल्याने विमा कंपन्या अपघाताच्या दुरुस्तीत त्यांचा आग्रह धरत. गॅरेजवाल्यांची तक्रार होती की वाचलेला पैसा भाग बसवण्याच्या मजुरीत जातो. अशा भागांची तपासणी करून त्यांना प्रमाणपत्र देण्यासाठी 1987 मध्ये सर्टिफाइड ऑटोमोटिव्ह पार्ट्स असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. पुढे नवा भाग प्रत्यक्ष गाडीवर बसवून पाहण्याची चाचणीही तिने सुरू केली. 1999 मध्ये इलिनॉय राज्यातील न्यायालयात स्टेट फार्म या विमा कंपनीविरुद्ध ग्राहकांच्या बाजूने 100 कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निकाल लागला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो 2005 मध्ये फिरवला. पर्यायी भाग म्हणजे निकृष्ट भाग असे सरसकट म्हणता येत नाही. प्रत्येक भाग मोजून पाहणे हाच खरा निकष आहे.

ब्रिटनमध्ये वेगळा मार्ग निघाला. एमजीबी ही खुली गाडी 1962 पासून बनत होती. ॲबिंग्डनचा कारखाना 1980 मध्ये बंद झाला आणि हजारो मालकांना गंजलेल्या सांगाड्यांसाठी पत्र्याचे भाग हवे होते. 1975 मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ डाय शोधून काढले, दुरुस्त केले आणि 1988 मध्ये त्यांवरून एमजीबीचा संपूर्ण नवा सांगाडा बाजारात आणला. डाय जपले तर उत्पादन थांबल्यावरही जुळणारा भाग मिळू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

भारतात या प्रश्नाची मुळे आयातबंदीच्या काळात आहेत. टॅरिफ कमिशनच्या 1953 च्या शिफारशींनंतर देशात उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या मोटार कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपली जुळणी बंद केली, त्यांच्या गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या. परदेशी भाग दुर्मिळ झाल्यावर लेथवर काम करणारे कारागीर, लहान ओतशाळा आणि भंगाराचे व्यापारी यांनी ती पोकळी भरली. मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ला, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत काश्मिरी गेट, कोलकात्यात मल्लिक बाजार हे या व्यापाराचे ठळक पत्ते झाले.

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट हे या व्यापाराचे सर्वांत ओळखीचे उदाहरण आहे. 1964 पासून इथे बनलेली फियाट 1100 डी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. इटलीत हे मॉडेल 1960 च्या दशकातच संपले. मुंबईत त्याचाच सांगाडा 2000 च्या सुमारापर्यंत बनत राहिला. या काळात ग्रिल, दिवे आणि आतली मांडणी बदलत गेली. शेवटच्या काळातल्या एस-1 या आवृत्तीत तर स्टिअरिंगलगतचा गिअर जाऊन तो जमिनीवर आला. त्यामुळे एकाच नावाने विकलेला भाग एका सालाच्या गाडीला बसे, दुसऱ्या सालाच्या गाडीला नसे. दुकानात गाडीचे साल आधी विचारतात ते याच कारणाने.

मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावणाऱ्या पद्मिनीच्या मालकापुढे तीन पर्याय असत: कंपनीचा भाग, लोकल भाग किंवा तोडलेल्या गाडीतून निघालेला भाग. दिवस बुडू नये म्हणून तो बहुधा लगेच मिळेल तो भाग घेई. मिस्त्री भोक कानशीने लांबट करी, वॉशर घालून उंची साधे, पत्रा ठोकून फट जुळवी. 1908 मध्ये कालबाह्य ठरलेले फिटरचे कसब मुंबईच्या गॅरेजांत अशा रीतीने जिवंत राहिले आणि त्या कसबावरच पद्मिनी उत्पादन संपल्यानंतरही वीसहून अधिक वर्षे चालली. शहरातली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली होती. टॅक्सीसाठीची 20 वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्यावर 30 ऑक्टोबर 2023 पासून ती सेवेतून बाद झाली.

आता त्रिमितीय स्कॅनिंग आणि छपाईमुळे थोड्या संख्येतही अचूक भाग बनवता येतो. पोर्शे कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या विभागाने 2018 मध्ये 959 या मॉडेलचा क्लच सोडवणारा दांडा धातूच्या भुकटीपासून अशा रीतीने छापून दाखवला. या पद्धतीत डायचा खर्च टळतो. मात्र झिजलेल्या भागाचे स्कॅन केले तर झीजही मोजली जाते, म्हणून मूळ आराखड्याची गरज उरतेच. मॉडेल बंद करताना उत्पादकाने आराखडे आणि मापे जपून ठेवली, तर जुन्या गाडीला नीट बसणारा भाग मिळण्याची शक्यता सर्वाधिक असते.